बरं होऊन मग ये

आमच्याकडे फ्लू गणपतीच्या गाडीनं येतो. कोकणकन्या, तुतारी, गणपती स्पेशल, एसटीच्या जादा गाड्या, यातली मिळेल ती पकडून मुंबई-ठाणे-डोंबिवलीचा चाकरमानी गावाला निघतो. कुडाळला, कणकवलीला पहाटे तो उतरतो, तेव्हा शहरात त्या आठवड्यात फिरणारी सर्दी, खोकला, ताप हेही त्याच्याबरोबर उतरतात.

दरवर्षी डिसेंबर जवळ आला की परदेशातल्या नातेवाइकांकडून सुट्टीत आजारपण कसं टाळावं याचे लेख आणि व्हिडिओ यायला लागतात. त्यांच्यासाठी ते वेळेवर असतात. तिकडे थंडी, नाताळ, बंद खिडक्या आणि फ्लू सगळं एकाच वेळी येतं. आपला हिशेब वेगळा आहे. महाराष्ट्रात फ्लूचे हंगाम दोन. एक जानेवारी ते मार्च, आणि दुसरा पावसाळ्यातला, साधारण जुलै ते सप्टेंबर. या दुसऱ्या हंगामाच्या अगदी पोटात गणपती येतात. दिवाळीची काळजी आपण करतो, फटाक्यांच्या धुराबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण घराघरात सगळ्यांत जास्त माणसं, सगळ्यांत जास्त प्रवास आणि सगळ्यांत जास्त विषाणू हे तिन्ही एकत्र येतात ते भाद्रपदात. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मंगलमय दिवसांत आजारपणाचा विषय कुणाला काढवत नाही.

२००९ साली तो काढावाच लागला होता. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूनं मृत्यू झाला. देशातला तो पहिला मृत्यू. शाळा, चित्रपटगृहं, मॉल काही दिवस बंद राहिले. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. मास्क मिळेनासे झाले तेव्हा लोक तोंडाला रुमाल बांधून फिरले. आणि २३ ऑगस्टला गणपती बसले. त्या वर्षी सगळेच जपून होते. खोकणारा माणूस स्वतःहून मांडवाबाहेर थांबत होता. नंतर साथ ओसरली आणि ती सवयही गेली. स्वाइन फ्लूचा तो विषाणू, एच१एन१, मात्र कुठेही गेलेला नाही. नेहमीच्या फ्लूमध्ये तो मिसळून गेला आणि आजही आपल्यात आहे. आपण त्याला स्वाइन फ्लू म्हणायचं सोडलं, एवढंच.

मी हे लिहितेय ते आमच्या काकींमुळे. काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. कुडाळजवळच्या वाडीत राहतात, सत्तरी ओलांडलेली आहे. आयुष्यात कधी बिडीला हात लावला नाही, पण चाळीसएक वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीनं लाकडं पेटवली. पावसात ओली लाकडं, त्यांचा धूर, आणि तिथेच चाळीस माणसांचा स्वयंपाक. त्यांची फुप्फुसं त्या धुरानं गेली आहेत. कोकणातल्या, खरं तर देशभरातल्या कितीतरी बायकांना हा विकार असाच जडला आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, घरात सगळे दमा म्हणतात. काकी पंप घेतात, हळू चालतात आणि गणपतीत मात्र पहाटे चारला उठून मोदकांची उकड काढतात.

काही वर्षांपूर्वीच्या गणपतीत मुंबईहून आलेल्या घरातल्याच एकाला निघतानाच कणकण होती. त्यानं स्टेशनवर ताप उतरायची गोळी घेतली आणि गाडीत बसला. सकाळी घरी पोचला तेव्हा अंग थंड होतं, त्यामुळे ‘उतरला ताप’ म्हणून सगळे निर्धास्त. काकींनी त्याला जवळ बसवून चहा दिला, डोक्यावरून हात फिरवला, रात्री त्याच्यासाठी आल्याचा काढा केला. दोन दिवस तो ओटीवर सगळ्यांत मिसळून होता, भजनाला बसला, आरत्या म्हटल्या. सातव्या दिवशी विसर्जन झालं, घर रिकामं झालं. आम्ही पनवेलपर्यंत पोचलो नसू, तोवर काकींना खोकल्याची पहिली उबळ आली होती.

ताप उतरवणारी गोळी ताप उतरवते. विषाणूवर तिचा काहीही परिणाम होत नाही. अंग गार लागतं, माणसाला बरं वाटतं, तो उठून सगळ्यांत मिसळतो, आणि श्वासातून विषाणू पूर्वीइतकाच बाहेर पडत राहतो. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना तो देऊ शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त. म्हणून ताप गेला की नाही हे गोळी न घेता बघायचं असतं. गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही आणि एकूण बरं वाटू लागलं, तर माणसांत यायला हरकत नाही, आणि तरीही पुढचे पाचेक दिवस म्हाताऱ्या माणसांजवळ मास्क लावून. हे इतकं साधं आहे, पण घराघरात माहीत असायला हवं तेवढं ते माहीत नाही.

दुसरी गोष्ट मला त्या वर्षी समजली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. फ्लू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. म्हणजे रात्रीच्या गाडीत कुणाकडून घेतलेला विषाणू चतुर्थीनंतर एक-दोन दिवसांनी आपलं रूप दाखवतो. आपल्याकडून तो घरच्या म्हाताऱ्या माणसाकडे जातो आणि ते माणूस आजारी पडतं आपण परत निघाल्यावर. जो घेऊन आला त्याला ते कधी दिसतच नाही. त्याच्या आठवणीतला गणपती छान झालेला असतो. पंधरा दिवसांनी फोन येतो, काकूंना ॲडमिट केलंय, आणि सगळे म्हणतात, पावसाळी हवा बाधली, गणपतीत दगदग फार झाली. वयस्कर माणसाला फ्लूनंतर हृदयविकाराचा झटका आला तर तोही वयाच्या खात्यावर जातो. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला होता. तपासणीत फ्लू निघालेल्या माणसांमध्ये पुढच्या आठवडाभरात हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीपेक्षा सहापट आढळलं होतं. आपल्या वाडीत असा कुणी गेला, तर ‘झोपेत गेला, पुण्यवान’ म्हणतात. मागच्या आठवड्यात त्याच्या घरात कोण खोकत होतं, हे कोण विचारणार?

काकी वाचल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळेत ओळखलं, तिथून पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठं आजारपण म्हणजे बांबोळी नाहीतर कोल्हापूर, दोन्हीकडे तासन्‌तासांचा रस्ता. शहरातून गावी जाताना हे लक्षात ठेवायला हवं की ज्या आजारात डोंबिवलीत आपण दहा मिनिटांत रिक्षानं दवाखान्यात पोचतो, त्याच आजारात गावातल्या माणसाला आधी गाडी शोधावी लागते. २०२० साली चाकरमान्यांनी किती दिवस विलगीकरणात राहायचं, चौदा की दहा, यावरून केवढा वाद झाला होता. मुंबईकर चिडले होते, आमच्याच घरात आम्ही परके का, म्हणून. त्यांचं दुखणं मला कळत होतं. पण गावकऱ्यांच्या भीतीलाही आधार होता. जिथे ऑक्सिजनची खाट मोजून मिळते, तिथला माणूस घाबरणारच.

आता हवेबद्दल.

आपल्याला वाटतं, सर्दी-ताप शिंकेतून उडतो, हातांतून लागतो. तसा तो लागतोही, म्हणून हात धुवावेत, प्रसाद देण्याआधी तर नक्कीच. पण फ्लू आणि कोविड या दोन्हींचा मोठा रस्ता श्वासाचा आहे. बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात, देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास जसा माजघरापर्यंत पोचतो तसे पसरतात. आणि माणूस जितका मोठ्यानं बोलेल किंवा गाईल, तितके ते जास्त. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ माणसं, अडीच तास. हस्तांदोलन नको, गळाभेट नको, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. एकालाच सर्दीसारखी लक्षणं होती. त्या एका तालमीनंतर ५२ जण आजारी पडले, दोघे दगावले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची आरती उभी राहिली. तीस-पस्तीस माणसं, टाळ, मृदंग, पोटातून लावलेला सूर, ‘घालीन लोटांगण’ला चढलेली लय. कोकणात आरती पाच मिनिटांत आटपत नाही, एकामागून एक आरत्या लागतात, अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग तीच मंडळी पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या घरी.

आरत्या बंद करा असं मी म्हणणार नाही. तो सूर नसेल तर मला गणपतीला जायचंच नाही. मला बोलायचं आहे ते ती आरती ज्या खोलीत होते तिच्याबद्दल.

आमचं जुनं घर कौलारू होतं. भिंत जिथे संपते आणि छप्पर जिथे टेकतं तिथे वीतभर फट. पुढे लोटा म्हणजे ओसरी, मागे पडवी, मधल्या दाराला समोरासमोर दुसरं दार. पावसात ओल यायची, कधी कौलातून थेंब गळायचा, पण हवा कोंडायची नाही. चाळीस माणसं गोळा झाली तरी वर जाणारी गरम हवा कौलांमधून निघून जायची. बांधणाऱ्यानं विषाणूचा विचार केला नव्हता. चुलीचा धूर बाहेर जावा एवढंच बघितलं होतं. आठेक वर्षांपूर्वी ते उतरवून स्लॅबचं घर झालं. टाइल्स, सरकत्या काचांच्या खिडक्या, आणि गणपतीच्या खोलीत स्प्लिट एसी, कारण मुंबईच्या मुलांना उकडतं. सासूबाईंना नवं घर फार आवडतं, आणि का आवडू नये, आयुष्यभर त्यांनी गळकी कौलं शाकारून घेतली. पण त्या खोलीत खिडक्या बंद असतात. पाऊस आत येतो, डास येतात, एसीची थंड हवा जाते. आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. तीस माणसांनी सोडलेला श्वास गार होऊन तीस माणसांनाच परत मिळतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दोन गणपतींपूर्वी त्यानं कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक छोटं यंत्र आणलं, मुठीत मावेल एवढं. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग, साधारण ४२० च्या आसपास असतो. आपण जो श्वास सोडतो त्यात तो चाळीस हजारांच्या घरात. म्हणून खोलीतला आकडा चढत गेला की समजायचं, आपण एकमेकांनी सोडलेली हवा घेत आहोत. भाच्यानं ते यंत्र आरतीच्या वेळी मखराच्या बाजूच्या टेबलावर ठेवलं. दार-खिडक्या बंद, एसी चालू. आरती सुरू झाली तेव्हा सातशे होतं, ‘लवथवती विक्राळा’पर्यंत हजार ओलांडलं, मंत्रपुष्पांजलीला एकोणीसशे. आम्ही दोघं त्या हिरव्या आकड्यांकडे बघत टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं एसी बंद केला, समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्ध्या सरकवल्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला आणि पेडेस्टल पंख्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करून तो दारात ठेवला. तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच आरत्यांत आकडा नऊशेच्या वर गेला नाही. निरांजनाची ज्योत मात्र दोनदा विझली, त्यावर सासऱ्यांनी मखरासमोर आडवा पुठ्ठा लावला.

हे यंत्र विषाणू मोजत नाही, फक्त हवा खेळती आहे की नाही एवढं सांगतं. पण ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत त्या आकड्यात दिसल्या की घरातले ऐकतात. माझ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या हिरव्या आकड्यांनी एका संध्याकाळी केलं.

खिडकी उघडा हा सल्ला मात्र ज्याला खिडकी आहे त्याच्यासाठी. हे मी डोंबिवलीत बसून लिहिते तेव्हा मला मुंबईचं १९१८ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत आला. पहिल्या नोंदींत पोलिस शिपाई आहेत, त्यातला एक गोदीवर तैनात होता. सप्टेंबरमध्ये दुसरी, भयानक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. कोण मेलं याचेही आकडे आहेत. युरोपीय वस्तीत दर हजारी आठच्या आसपास, पारशांमध्ये नऊ, आणि सरकारनं ज्यांना ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदलं त्यांच्यात एकसष्टच्या वर. विषाणू तोच, समुद्राचा वाराही तोच. फरक होता खोलीचा, तिच्यातल्या माणसांच्या संख्येचा, पोटात गेलेल्या अन्नाचा आणि आजारी असताना कामावर न जाण्याची मुभा आहे की नाही याचा. गिरण्यांत काम करणारा मोठा वर्ग तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आमचाच. दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्या लावून झोपणारी ती माणसं बोटीनं गावाला जा-ये करायची. आजही ज्याला आजारपणाची पगारी रजा नाही तो तापातच डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेतो, ज्याला गणपतीची चारच दिवस सुट्टी मिळते तो तापातच गाडीत चढतो. त्याला मी दोष देणार नाही. वर्षभर ज्या चार दिवसांसाठी राबला, बरोबर त्याच दिवसांत ताप यावा, ही त्याची शिक्षाच आहे. मालकांनी आणि कंपन्यांनी सुट्टी दोन दिवस पुढे-मागे करू दिली, तर किती आजारपणं टळतील याचा कुणी विचार करतं का?

लशीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात लोक वेळ चुकतात. फ्लूची लस दरवर्षी बदलते. जागतिक आरोग्य संघटना तिचं मिश्रण वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. नकाशात आपण उत्तरेला, पण आपला मोठा हंगाम पावसाळ्यात. म्हणून महाराष्ट्रात ही लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली चांगली. काश्मीरसारख्या ठिकाणी, जिथे फ्लू हिवाळ्यात येतो, तिथे दिवाळीच्या सुमारास. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे गणपतीच्या आदल्या दिवशी घेऊन त्या सणाला उपयोग नाही. जुळणी चांगली असलेल्या वर्षी ती डॉक्टरकडे जावं लागेल असं आजारपण साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते. ‘मग उरलेलं काय’ असं विचारणाऱ्यांना मी काकींचं नाव सांगते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण इस्पितळापर्यंत जायची वेळ कमी येते. पासष्टीच्या पुढची माणसं, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली, गरोदर बाया, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं यांना ती सर्वांत आधी. काकींना आम्ही आता दर मेमध्ये देतो. डॉक्टरांनी त्यांना न्यूमोनियाची लसही दिली. फ्लूच्या लशीला दीड-दोन हजार लागतात, आणि ती सरकारी दवाखान्यात सहज, फुकट मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुंबईतल्या मुलांनी मखरावर जेवढा खर्च होतो त्यातून तरी तो वेगळा काढावा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला जे काही मिळतं ते आईनं गरोदरपणी घेतलेल्या लशीतून. आणि गणपतीत बाळाला काय होतं हे आपण सगळे जाणतो: पन्नास हातांतून ते फिरतं, प्रत्येकजण गालाचा पापा घेतो. मोठ्यांना नुसती सर्दी वाटणारा आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळाच्या छातीत उतरतो आणि बाळ धापा टाकायला लागतं. तोही आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जोर धरतो. आमच्या वाडीतल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, माझ्या धाकट्या जावेला शिकवलेली गोष्ट मी इथे जशीच्या तशी देते, कारण याहून उपयोगी मला काही माहीत नाही. बाळ शांत असताना, रडत नसताना, झबलं वर करून घड्याळ समोर ठेवायचं आणि पूर्ण एक मिनिट पोटाचं वर-खाली होणं मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, त्यापुढच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, आपण ज्याला पोट उडणं म्हणतो तसं, तर घरी काही करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. अंगावर पिणं सोडलं तर तेच. म्हाताऱ्या माणसांचं याच्या उलट असतं, त्यांच्यात ताप येईलच असं नाही. जेवण बंद होतं, माणूस गुंगीत जातो, भलतंच बोलतो. ऑक्सिमीटरचा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर वाट बघू नये. आणि फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग, म्हणून ‘विसर्जन होऊ दे, मग बघू’ हे वाक्य महागात पडतं.

काढा, हळदीचं दूध, गरम पेज यांनी घशाला बरं वाटतं, आणि करून देणाऱ्याची माया पोटात जाते. ते जरूर घ्यावं. त्यांनी संसर्ग टळत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पट्टी विषाणूवर चालत नाही, उलट पुढे खरोखर लागेल तेव्हा ते औषध निकामी झालेलं असतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ घेताना मुलांना भाजल्याच्या घटना मी जवळून ऐकल्या आहेत. गाडीत मात्र मास्क चालतो, नीट बसणारा एन९५, नाकावरची पट्टी दाबून. रात्रभराच्या प्रवासात समोरच्या बर्थवरचा माणूस खोकत असेल तर एवढंच आपल्या हातात असतं. आमच्या डब्यात गेल्या वर्षी मी आणि माझी मुलगी अशा दोघीच मास्कवाल्या होतो. एका आजींनी विचारलं, पोरीला काही झालंय का? मी सांगितलं, घरी तिची आजी आहे, दम्याची. त्यांनी पदर नाकाला लावला आणि रत्नागिरी येईपर्यंत काढला नाही.

हे सगळं करता येतं. अवघड आहे ते न जाणं. घरचा गणपती आणि मुलगा आला नाही, हे आमच्याकडे भांडण झाल्याची खूण समजतात. गावात लोक विचारतात, भाऊबंदकी झाली का? त्या भीतीनं माणूस गोळी घेऊन गाडीत चढतो. आजारी माणसाला ‘येऊ नकोस’ असं यजमानानं म्हणणं तर त्याहून कठीण, दारातून पाहुणा परत पाठवल्याचं पाप. म्हणून मला वाटतं की हे वाक्य घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं म्हणायला हवं. धाकट्यांनी म्हटलं तर उर्मटपणा होतो.

आमच्या घरात ते सासूबाईंनी म्हटलं. काकींच्या आजारपणानंतरच्या गणपतीत माझ्या थोरल्या दिरांना आदल्या दिवशी ताप भरला. तिकिटं हातात होती, त्यांनी फोन केला तो येण्याची वेळ सांगायला, आणि बोलता बोलता खोकले. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, “बरो हो नि मगे ये. देव खंय पळान जाणा नाय. तुझ्या काकीक परत बांबोळीक धाडूचा नाय माका.” दीर दुखावले, दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी ताप जाऊन दोन दिवस झाल्यावर ते निघाले, विसर्जनाच्या आदल्या रात्री पोचले, मास्क लावूनच आत आले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी मोदकाचं सारण वेगळं काढून ठेवलं होतं. त्या रात्रीची आरती खळ्यात, म्हणजे अंगणात झाली, मूर्ती दारातून दिसेल अशी, ताडपत्रीखाली.

तेव्हापासून श्रावण संपत आला की सासूबाई कुटुंबाच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवतात. कुणाला ताप, खोकला असेल तर लपवू नका, आधी कळवा, तुमचा वाटा राखून ठेवते, नवरात्रात या. लस घेतली का, हेही त्या एकेकाला नाव घेऊन विचारतात, सुनांना आणि जावयांनाही. वाडीतल्या आणखी दोन घरांनी हा निरोप आपल्या ग्रुपवर फिरवला. यंदा भजन मंडळाच्या सभागृहात दोन एक्झॉस्ट पंखे बसवायचे आहेत, वर्गणी जमते आहे. बुवांचं म्हणणं आहे की पंख्यांच्या आवाजानं पखवाज ऐकू येणार नाही. भाचा कमी आवाजाचे पंखे शोधतोय, आणि काकींनी सगळ्यांत आधी पाचशे रुपये दिले आहेत.